आमचा पाठिंबा आहे, पण...

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय आणि आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. ज्यांच्याशी भांडायचंय त्यांच्यातले निम्मे माझ्याच नात्यातले आहेत. म्हणून आधीच सांगून ठेवते, काहीही वाचलंत तरी दिवाळीच्या फराळाला यायचं ते यायचंच.

विषय आहे शोधनिबंधांचा. आपल्याकडे सगळे ज्याला 'पेपर' म्हणतात ते. ते सगळ्यांना फुकट वाचायला मिळावेत या चळवळीला ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात. ('मुक्त प्रवेश' म्हटलं की मला नाटकाचा फुकट पास आठवतो, म्हणून ओपन अ‍ॅक्सेसच म्हणणार आहे. भाषाशुद्धीवाल्यांनी कृपया माफ करावं.) कोणत्याही शास्त्रज्ञाला याबद्दल विचारून बघा. "हो हो, अगदी! ज्ञान सगळ्यांना खुलं असलंच पाहिजे." मग हळूच विचारा, "तुझे स्वतःचे किती पेपर खुले आहेत?" इथून 'पण' सुरू होतो. आमचा पाठिंबा आहे, पण... त्या 'पण'चा मला आता कंटाळा आलाय.

हा धंदा कसा चालतो ते थोडक्यात सांगते. (आत्या, हा परिच्छेद खास तुझ्यासाठी.) सरकार पैसे देतं, म्हणजे तू आणि मी देतो. त्यातून शास्त्रज्ञ चार वर्षं प्रयोग करतो, पेपर लिहितो आणि एखाद्या नियतकालिकाला पाठवतो. तिथून तो तपासायला दुसऱ्या शास्त्रज्ञांकडे जातो. ते तपासून देतात, फुकट. संपादक मंडळावरही बहुतेक प्राध्यापकच, तेही फुकट किंवा नाममात्र मानधनावर. सगळं पास झालं की लेखक एका कागदावर सही करून कॉपीराइट प्रकाशकाला देऊन टाकतो. आणि मग तोच प्रकाशक तोच पेपर त्याच शास्त्रज्ञाच्या ग्रंथालयाला वर्गणी लावून विकतो. म्हणजे ज्वारी आपण पिकवायची, शेजारणीने फुकट निवडून द्यायची, आणि भाकरी करायची वेळ आली की आडत्याच्या दारात पिशवी घेऊन उभं राहायचं.

आडत्याला यात किती सुटतं? एल्सव्हिअर ही यातली सगळ्यात मोठी कंपनी. तिची मालक कंपनी रेलेक्स, तिच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा नफा अलीकडच्या वर्षांत शंभर रुपयांच्या विक्रीमागे ३७-३८ रुपयांच्या आसपास आहे. किराणा दुकानदाराला हा आकडा सांगा, तो दुकान बंद करून पेपर छापायला लागेल.

पण मला आज प्रकाशकांशी भांडायचं नाहीये. व्यापारी व्यापार करणारच. त्या कागदावर सही कोण करतं, हा माझा प्रश्न आहे.

ही तक्रार नवी नाही. २००० साली अमेरिकेत हॅरॉल्ड व्हार्मस (नोबेलवाले), पॅट्रिक ब्राउन आणि मायकेल आयझेन या तिघांनी एक खुलं पत्र काढलं. मजकूर साधा होता: जी नियतकालिकं छापल्यावर सहा महिन्यांत पेपर फुकट खुले करणार नाहीत, त्यांच्यात सप्टेंबर २००१ पासून आम्ही लिहिणार नाही, त्यांच्यासाठी पेपर तपासणार नाही, त्यांची वर्गणी भरणार नाही. जगभरातल्या जवळजवळ ३४,००० शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. चौतीस हजार! प्रकाशकांना घाम फुटायला हवा होता. सप्टेंबर २००१ उजाडला. बहुतेक नियतकालिकांनी ढिम्म काही केलं नाही, आणि सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दुसऱ्या दिवशी त्याच नियतकालिकांना आपले पेपर पाठवले. शेवटी या तिघांना स्वतःचंच प्रकाशन काढावं लागलं. पीएलओएस बायॉलॉजी ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झालं ते त्यातून.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. अमेरिकेच्या एनआयएचने (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी तिथली सरकारी संस्था) २००५ साली आपल्या पैशावर संशोधन करणाऱ्यांना विनंती केली की तुमच्या पेपरची प्रत आमच्या सरकारी संग्रहात ठेवा. पैसे नकोत, काही नको, फक्त फाईल द्या. पहिल्या काही महिन्यांत किती जणांनी दिली? चार टक्क्यांहून कमी! मग २००८ मध्ये विनंतीचं सक्तीत रूपांतर झालं आणि फायली धडाधड यायला लागल्या. १ जुलै २०२५ पासून तर छापल्या दिवशीच खुलं करायचा नियम झालाय. हात तेच, संगणक तोच, फाईल तीच. आधी नव्हती ती फक्त छडी. आता मला सांगा, 'पाठिंबा आहे, पण वेळ नाही' यातला वेळ नक्की कुठून आला?

आपल्याकडे? आपल्याकडे छडीसुद्धा कागदावरच. केंद्र सरकारच्या दोन मोठ्या विज्ञान खात्यांनी, डीबीटी आणि डीएसटीने, डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त धोरण जाहीर केलं की आमच्या पैशातून झालेला पेपर संग्रहात ठेवा. माझ्या एका मावसभावाला मी या धोरणाबद्दल विचारलं. तो चांगल्या सरकारी संस्थेत रसायनशास्त्रज्ञ आहे, त्याच्या संशोधनाला सरकारी अनुदान आहे. म्हणाला, "असं काही आहे का? बघायला पाहिजे." हे त्याने मला २०२३ साली सांगितलं. (दादा, नाव लिहिलेलं नाही. वहिनीला कळलं तर तो माझा दोष नाही.)

आता 'पण' एकेक करून घेऊ.

सगळ्यात लाडका 'पण' म्हणजे प्रतिष्ठा. 'मोठ्या नियतकालिकात छापलं नाही तर बढती मिळत नाही.' हे खरं आहे, नाकारत नाही. नुकतंच पीएच.डी. झालेल्या, कंत्राटावर जगणाऱ्या पोरांना मी यात एक शब्दही बोलणार नाही. त्यांनी कुठेही छापावं, पोट आहे. पण मंडळी, ती बढती देणाऱ्या समितीत कोण बसतं? प्रकाशक? नाही, तुम्हीच. इम्पॅक्ट फॅक्टर बघून माणसाची किंमत करणारे तुम्ही, आणि 'काय करणार, सिस्टीमच तशी आहे' म्हणणारेही तुम्हीच. सासू म्हणून सुनेला छळायचं आणि वर म्हणायचं की आमच्याही सासूने असंच केलं, त्यातला प्रकार. ज्यांची नोकरी पक्की आहे, ज्यांच्या मागे पंचवीस वर्षांचं नाव आहे, त्यांना कसली भीती?

आणि प्रतिष्ठा खरंच प्रकाशकाच्या छापात असते का? ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायची झटपट आणि खात्रीची रीत शोधली. गणितातला जुना, खडतर प्रश्न. पेपर त्यांनी सरळ संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला. काही दिवसांत जगभरचे गणिती तो वाचत होते. अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये तो रीतसर छापून आला २००४ साली. दोन वर्षं कुणी थांबलं नव्हतं. ग्रिगोरी पेरेलमनने तर २००२-०३ मध्ये पॉइन्कारेचं अनुमान सिद्ध करणारे पेपर फक्त अर्काइव्हवर ठेवले, नियतकालिकाला पाठवलेच नाहीत. तरी २००६ मध्ये फील्ड्स पदक जाहीर झालं ते त्यालाच. (त्याने ते घेतलं नाही, तो विषय वेगळा.)

'सगळेच काही पेरेलमन नसतात.' मान्य. पण हे अर्काइव्ह म्हणजे काय ते बघा. पॉल गिन्सपार्गने ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेत लॉस अ‍ॅलामॉसला सुरू केलेला हा संग्रह. आता तिथे २० लाखांहून जास्त पेपर आहेत आणि सगळे फुकट. आपल्या टीआयएफआरमधले, आयुकामधले भौतिकशास्त्रज्ञ पेपर लिहिला की आधी तिथे ठेवतात, मग नियतकालिकाला पाठवतात. त्यांना कुणी छडी मारत नाही. ती त्यांची सवय आहे, जेवणाआधी हात धुवावेत तशी. त्यांच्याही बढत्या होतात, त्यांनाही भटनागर पुरस्कार मिळालेत. म्हणजे ही अडचण विज्ञानाची नाही, त्या त्या गल्लीतल्या रिवाजाची आहे. ज्या गल्लीत सगळे हात धुतात तिथे न धुणारा वेगळा दिसतो. बाकीच्या गल्ल्यांत उलटं आहे.

दुसरा 'पण' मला जास्त चीड आणतो. 'ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे पैसे घेऊन काहीही छापणारे भुरटे.' आमच्या मामाचं हे आवडतं वाक्य आहे. मामा निवृत्त प्राध्यापक, शिस्तीचा माणूस, आणि भुरट्यांवरचा त्याचा राग अगदी खरा आहे. असे भुरटे आपल्याकडे भरपूर झाले, हेही खरं. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली करंट सायन्समध्ये यूजीसीच्या यादीची चिरफाड केली होती. विद्यापीठांनी सुचवलेली जी नियतकालिकं त्यांनी तपासली त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त दर्जाहीन निघाली. पण मामा, ती यादीत सुचवली कुणी? विद्यापीठांनी, म्हणजे प्राध्यापकांनीच ना? नोकरीसाठी पेपर मोजायची पद्धत आली, मोजणीला पेपर कमी पडायला लागले, आणि बाजाराने पुरवठा केला. उद्या पॅनकार्ड मोजून पगार द्यायला लागले तर खोटी पॅनकार्डं निघतील. त्यात पॅनकार्डाचा काय दोष?

शिवाय भुरटेपणा फुकट्यांची मक्तेदारी नाही. हिंदावी हे नाव आठवतं? ते खुलं होतं हे कबूल. पण २०२१ साली वायलीसारख्या शंभर-दोनशे वर्षं जुन्या, खानदानी घराण्याने ते २९.८ कोटी डॉलरला विकत घेतलं, आणि २०२३ या एका वर्षात त्यातले आठ हजारांहून जास्त पेपर मागे घ्यायची वेळ आली. खानदानाची पाटी लावून माल शुद्ध होत नाही.

आणि मामा, तुझ्या मुंबईतलंच उदाहरण देते. परळच्या केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या स्टाफ सोसायटीचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन, १९५५ पासूनचं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्यांनी ते इंटरनेटवर पूर्ण खुलं केलं. वाचणाऱ्याला फुकट आणि लिहिणाऱ्यालाही फुकट. त्यामागे डॉ. डी. के. साहू यांची मुंबईतलीच मेडनो ही कंपनी होती. या वाटेने तिने देशातली कितीतरी वैद्यकीय नियतकालिकं जगासमोर नेली. खुलं केलं तर वर्गणीदार पळतील ही सगळ्यांची भीती होती, ते पळाले नाहीत. परदेशातून वाचक आले, लेखकही आले. हे सगळं परळमध्ये घडत होतं तेव्हा बाकीचे आमचे विद्वान 'भारतात हे शक्य नाही' यावर परिसंवाद घेत होते. (२०११ मध्ये मेडनो वोल्टर्स क्लुव्हर या डच बड्या कंपनीने विकत घेतली. आपण पिकवायचं आणि... असो. ज्वारीची उपमा एकदाच पुरे.)

तिसरा 'पण' मात्र खरा आहे, त्याला मी हात जोडते. 'खुलं छापायला पैसे किती पडतात माहितीये का?' माहितीये. नेचरने नोव्हेंबर २०२० मध्ये एक पेपर खुला छापायचा दर जाहीर केला, ९,५०० युरो. तेव्हाच्या भावाने आठ लाख रुपयांच्या वर! आपल्याकडच्या एखाद्या राज्य विद्यापीठातल्या विभागाचं वर्षाचं रसायनांचं बिल तेवढं नसेल. प्रकाशक हुशार. वाचकाकडून घेता येत नाही ना, मग लेखकाकडून घेऊ. दार उघडं ठेवायचे पैसे.

पण इथेच तर गंमत आहे. पेपर खुला करायला पैसे द्यावेच लागतात, हा समज प्रकाशकांनी पसरवला आणि शास्त्रज्ञांनी तो इतक्या सहज गिळला की मला आश्चर्य वाटतं. एरवी प्रत्येक दाव्याला 'पुरावा काय?' विचारणारी माणसं! वर्गणीच्या नियतकालिकात, एक पैसा न देता छापायचं, आणि तपासणी होऊन मंजूर झालेली आपली वर्डमधली प्रत संस्थेच्या संग्रहात ठेवायची, याला बहुतेक मोठे प्रकाशक परवानगी देतात. कुणी लगेच, कुणी सहा महिन्यांनी, कुणी वर्षाने. कोण कधी देतो हे ओपन पॉलिसी फाइंडर (आधीचं शेर्पा रोमिओ) नावाच्या संकेतस्थळावर नियतकालिकाचं नाव टाकलं की दिसतं, तेही फुकट. बंगळूरच्या आयआयएससीने असा संग्रह दोन दशकांपूर्वीच उभा केला. राउरकेलाच्या एनआयटीने तर २००६ साली आपल्या प्राध्यापकांना तो बंधनकारक केला. राउरकेलाने! मुंबई-पुण्यातल्या ज्यांना आपण विद्येचं माहेरघर वगैरे आहोत असं वाटतं, त्यांनी जरा नकाशात राउरकेला शोधावं.

यावर नवीन उत्तर तयार झालंय. 'आता तो प्रश्नच सुटला, वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय ना!' नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते मंजूर केलं. २०२५ ते २०२७ अशा तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. माझ्या ओळखीतल्या सगळ्या प्राध्यापकांनी आनंदाने संदेश पाठवले. लहान गावातल्या सरकारी कॉलेजातल्या मुलांना आता ते वाचायला मिळतं, त्याचा मलाही मनापासून आनंद आहे. पण ६,००० कोटी म्हणजे वर्षाला २,००० कोटी, आणि हे भाडं आहे, खरेदी नाही. करार संपला की पुन्हा बोलणी, पुन्हा पैसे. आणि त्यात आपल्याच शास्त्रज्ञांनी आपल्याच पैशातून लिहिलेले पेपरही आले, ते परत भाड्याने. गंमत म्हणजे २०१९ च्या सुरुवातीला आपले तेव्हाचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार विजयराघवन यांनी युरोपच्या प्लॅन एस या खुल्या प्रकाशनाच्या मोहिमेत भारत सामील होईल असं म्हटलं होतं. त्याच वर्षी तो विचार मागे पडला आणि देशभराच्या वर्गणीचा पुढे आला. त्याविरुद्ध शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. 'मला मिळतंय ना' यावर चर्चा संपली.

'मला मिळतंय' म्हणणाऱ्यांच्या बाहेर कोण राहिलं? तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणारी डॉक्टर. शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. वकील, पत्रकार, शेतीत प्रयोग करणारा पदवीधर शेतकरी. निवृत्त झालेला शास्त्रज्ञ! (मामा, तुझं संस्थेचं लॉगिन बंद झाल्यावर तू मला फोन करून एक पेपर मागितला होतास. तो तुझाच होता.) आणि माझ्यासारखे, मराठीत विज्ञानावर चार ओळी लिहू पाहणारे. मराठीत विज्ञान लिहिलं जात नाही म्हणून गळा काढणाऱ्या मंडळींना हे कधी सुचतं का, की लिहिणाऱ्याला मूळ पेपर वाचायला ४० डॉलर पडतात? मग तो वाचतो इंग्रजी वर्तमानपत्रातली बातमी, आणि तिचं भाषांतर करतो. तुम्ही म्हणता, चुकीचं लिहिलंय.

मावशीच्या आजाराचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी औषधाचे दोन पर्याय दिले आणि 'तुम्ही ठरवा' म्हणाले. दोन्हींची तुलना करणारा अभ्यास होता, भारतात झालेला, सरकारी अनुदानातून. सारांश वाचता येत होता. सारांशात लिहिलं होतं की साठीच्या पुढच्या रुग्णांत फरक दिसतो, तपशील तक्ता तीनमध्ये. तक्ता तीन कुलपात. मी लेखकाला ईमेल केली, उत्तर आलं नाही. शेवटी एका भाचीने परदेशातल्या विद्यापीठातून पेपर काढून पाठवला. ज्यांची भाची परदेशात नाही त्यांनी काय करायचं?

त्यांनी सायहबवर जायचं, असं उत्तर बरीच वर्षं होतं. अलेक्झांड्रा एल्बाक्यान या कझाकस्तानच्या मुलीने २०११ साली सुरू केलेलं हे चोरीचं ग्रंथालय. सायन्स नियतकालिकाने २०१६ मध्ये तिथल्या सहा महिन्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दोन कोटी ऐंशी लाख डाउनलोड निघाले आणि भारत अगदी वरच्या देशांत होता. प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात बंद करायचा आदेश दिला. कायद्याने ती चोरीच होती, मी तिची वकिली करत नाहीये. मला फक्त ते डाउनलोड करणारे हात दिसतात. एका हाताने कॉपीराइटच्या कागदावर सही, दुसऱ्या हाताने रात्री दहा वाजता सायहब. आणि ते बंद झाल्यावर सगळ्यात मोठ्याने हळहळले तेही हेच.

आपल्या हातात काही नसतं, असं कृपया मला सांगू नका. एप्रिल २०२३ मध्ये न्यूरोइमेज या एल्सव्हिअरच्या मेंदूशास्त्रातल्या आघाडीच्या नियतकालिकाच्या चाळीसहून अधिक संपादकांनी, म्हणजे सगळ्याच्या सगळ्यांनी, एकत्र राजीनामे दिले. कारण, लेखकांकडून ३,४५० डॉलर घेणं त्यांना लुबाडणूक वाटली. कंपनी दर कमी करेना. मग त्यांनी एमआयटी प्रेसकडे जाऊन इमेजिंग न्यूरोसायन्स नावाचं नवं खुलं नियतकालिक काढलं. चाळीस माणसं. आमच्या दोन्ही घरचे प्राध्यापक मोजले तर निम्मे तरी भरतील :-)

तर दादा, मामा, वहिनी आणि इथे वाचणारे बाकीचे सगळे पीएच.डी.वाले: मंजूर झालेल्या पेपरची शेवटची वर्डची प्रत तुमच्या लॅपटॉपवर कुठेतरी 'फायनल_फायनल_३' नावाने पडलेली असेलच. तुमच्या संस्थेचा संग्रह असेल तर तिथे, नसेल तर विषयाचा संग्रह असतो तिथे ठेवायला दहा मिनिटं लागतात. कसं करायचं ते येत नसेल तर मी घरी येऊन करून देते, चहावर. ज्यांनी ठेवलाय त्यांनी खाली टिप्पणीत दुवा द्या. ज्यांचा 'पण' माझ्याकडून राहून गेला त्यांनीही लिहा, पुढच्या वेळी त्यालाही घेऊ.